मेमरी कार्ड म्हणजे डबा, कणगी नव्हे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर आवरताना एका पत्र्याच्या डबीत 14 मेमरी कार्डं सापडली. दोन मोठी, जुन्या कॅमेऱ्याची. बाकीची नखाएवढी, मोबाइलची. 2 जीबीपासून 64 जीबीपर्यंत सगळे आकडे आहेत. नव्या फोनला कार्ड बसत नाही. मग ही टाकायची, विकायची, की कशाला उपयोगी पडतील? आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, "सगळ्यांतले फोटो त्या 64 जीबीच्या कार्डात एकत्र करून ते कपाटात जपून ठेवलं तर चालेल ना?"

मला तो शेवटचा प्रश्नच खरा वाटतो, आणि त्याचं उत्तर "नाही" असं आहे. बाकीच्या कार्डांचं काय करायचं हे त्यातूनच ठरतं, म्हणून आधी तिथूनच सुरुवात करतो.

मी कोल्हापुरात 21 वर्षं लग्नाचं शूटिंग करतोय. त्याच्या जोडीला राजारामपुरीतल्या दुकानात कार्ड-पेनड्राइव्हमधला गेलेला डेटा काढून द्यायचं काम करतो. ऑगस्ट 2019 च्या पुरानंतर लोक आमच्याकडे चिखलात भिजलेली कार्डं घेऊन आले होते. अल्बम लगद्यासारखे झालेले, कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये गाळ शिरलेला. पण ही नखाएवढी कार्डं स्वच्छ पाण्यानं धुतली, दोन दिवस सावलीत वाळवली, सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसल्या, आणि त्यातली बरीचशी चालू झाली. बारशाचे, डोहाळेजेवणाचे फोटो पडद्यावर आले तेव्हा दुकानात उभी असलेली माणसं रडली. तेव्हापासून ओळखीच्या सगळ्यांना कार्ड फार टिकाऊ वाटायला लागलं. पण मी दुसरी बाजूही बघितलीय. कपाटात, कोरड्या जागी, डबीत कापूस घालून ठेवलेलं कार्ड सहा-सात वर्षांनी लावलं आणि कॉम्प्युटरनं ते ओळखलंसुद्धा नाही, असंही वारंवार घडतं.

याचं कारण कार्डाच्या आतल्या रचनेत आहे. त्यात फिरणारा भाग नसतो, म्हणून पडणं, भिजणं, धक्का बसणं ते सोसतं. मात्र माहिती साठते ती अगदी सूक्ष्म पेशींत कोंडलेल्या विद्युतभाराच्या रूपात. मातीचा माठ कितीही चांगला भाजलेला असला तरी पाझरतो, तसा हा भारही हळूहळू पाझरतो. कार्ड जास्त वेळा लिहून-पुसून झिजलेलं असलं किंवा गरम जागी ठेवलेलं असलं, तर लवकर पाझरतो. त्यात स्वस्त आणि जास्त जीबीच्या कार्डात एकेका पेशीत तीन-तीन बिट (बिट म्हणजे माहितीचा सगळ्यात लहान तुकडा, 0 किंवा 1) बसवलेले असतात. म्हणजे एका पेशीत भाराच्या आठ वेगवेगळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात. थोडा भार कमी झाला की एक पातळी दुसरीसारखी दिसायला लागते. जुन्या लहान कार्डांत पातळ्या कमी असत, त्यामुळे तुमच्या डबीतलं एखादं 2 जीबीचं कार्ड अजून ठणठणीत असेल आणि नवं 64 जीबीचं गेलेलं असेल, हेही शक्य आहे. कोणतं किती टिकेल हे कार्डाच्या जातीवर, वयावर, वापरावर आणि ते मुळात अस्सल आहे का यावर अवलंबून आहे. बाहेरून बघून ते मी काय, कुणीच सांगू शकत नाही.

म्हणून मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, कार्ड म्हणजे जेवणाचा डबा आहे, धान्याची कणगी नव्हे. डबा भरायचा, जिथं न्यायचा तिथं न्यायचा, रिकामा करायचा, धुऊन परत भरायचा. त्यात वर्षाचं धान्य कुणी साठवत नाही. कार्डावर जे असेल त्याची मूळ प्रत दुसरीकडे असलीच पाहिजे. एवढं पाळलं तर तुमच्या 14 कार्डांतल्या बहुतेकांना काम आहे.

यातलं मला जे कळलं ते सुखासुखी कळलेलं नाही. 2011 साली कागलकडच्या एका लग्नाचं सगळं शूटिंग मी एकाच कार्डावर केलं होतं. संध्याकाळी घरी येऊन कार्ड लावलं तर कॉम्प्युटर म्हणाला, फॉरमॅट करायला हवं. रात्रभर बसून दोन-तृतीयांश फोटो परत काढले. अक्षता पडतानाचे मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन मुलीच्या वडिलांना तोंडानं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चहा दिला. त्या दिवसापासून मी दोन कार्डांत एकाच वेळी लिहिणारा कॅमेरा वापरतो, आणि दोन ठिकाणी प्रत झाल्याशिवाय कार्ड पुसत नाही.

आता तुमची डबी. पहिलं काम म्हणजे कार्डं रिकामी करणं, आणि ते घाईनं करू नका. एक बरा कार्ड रीडर घ्या. मोठ्या कार्डाच्या कडेला छोटी सरकपट्टी असते ती "लॉक" बाजूला सरकवा, म्हणजे सहसा चुकून काही लिहिलं किंवा पुसलं जात नाही. नखाएवढ्या कार्डाला ती पट्टी नसते, पण ते मोठ्या अडॅप्टरमध्ये घालून लावलं तर अडॅप्टरची पट्टी तेच काम करते. फाइल कॉपी करा, कट करू नका. आणि कॉम्प्युटरनं "फॉरमॅट करायचं का?" विचारलं तर "नाही" म्हणून कार्ड बाजूला काढा. त्या एका प्रश्नाला "हो" म्हणून आमच्याकडे आलेली माणसं मोजायची सोय नाही.

इथं एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. 2015 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 6 पासून बऱ्याच फोनमध्ये कार्ड "फोनचीच मेमरी" म्हणून वापरायची सोय आली. तशा कार्डावरचा मजकूर सांकेतिक होतो आणि तो फक्त त्याच फोनला वाचता येतो. कॉम्प्युटरला लावलं तर कार्ड रिकामं किंवा बिघडलेलं दिसतं. तुमच्या डबीतलं एखादं असं दिसलं तर ते टाकू नका, ज्या फोनमध्ये ते होतं तो फोन शोधा. आणि तो फोन रिसेट करून कुणाला दिलेला असेल, तर तो मजकूर उलगडणारी किल्ली गेली. मग त्यातले फोटो कुणालाच काढता येत नाहीत, आम्हालाही नाही.

फोटो निघाले की एका हार्ड डिस्कवर ठेवा, दुसरी प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर करून ती दुसऱ्या घरी ठेवा. क्लाउड परवडत असेल तर तिसरी तिथं. आणि त्यातले पन्नास-शंभर फोटो निवडून कागदावर छापा. त्या पन्नास फोटोंमध्ये घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जो आनंद मिळतो, तो पाच हजार फोटोंच्या डिस्कमध्ये मिळत नाही.

मग कार्ड तपासायचं. बाजारात खोटी कार्डं भरपूर फिरली आहेत. वर 64 जीबी छापलेलं, आत 8 जीबी. ती 64 दाखवतात, फाइलची नावंही दिसतात, पण 8 च्या पुढचं सगळं हवेत. विंडोजवर "एचटूटेस्टडब्ल्यू" आणि लिनक्सवर "एफथ्री" हे मोफत प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतात. वेळ लागतो, पण निकाल स्पष्ट मिळतो. जे कार्ड यात एकदा जरी चुकलं ते बाद. ते गाण्यांनासुद्धा वापरू नका, कारण पुढं कधीतरी घरातलं कुणी विसरून त्याच्यावर फोटो घेईल.

पास झालेल्यांत 2, 4, 8 जीबीची कार्डं मला सगळ्यात उपयोगी वाटतात, लोक नेमकी तीच आधी फेकतात. गावाकडं अजून याला "चिप" म्हणतात. पूर्वी मोबाइलच्या दुकानात "गाणी भरून मिळतील" अशी पाटी असायची, ते दिवस आठवत असतील. कार्डाचा स्लॉट असलेला छोटा स्पीकर चार-पाचशे रुपयांत मिळतो. साध्या एमपीथ्रीत गाण्याच्या एका मिनिटाला सुमारे 1 एमबी लागतो, म्हणजे 2 जीबीत 33 तासांच्या आसपास आवाज मावतो. माझ्या आईसाठी मी तीन कार्डं केली आहेत. एकात हरिपाठ आणि अभंग, एकात पोवाडे, एकात कीर्तनं. तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही, फोनवर बोट फिरवणं जमत नाही. स्पीकरचं एक बटण दाबलं की काल जिथं थांबलं होतं तिथून सुरू होतं. नेट नको, जाहिरात नको, कुणाला हाक मारायला नको. तिच्या दिवसात या 2 जीबीनं जेवढा फरक पडला तेवढा माझ्या दुकानातल्या कुठल्याच महाग वस्तूनं पडला नाही.

ही कार्डं भरताना दोन अडचणी हमखास येतात. एक म्हणजे असे स्पीकर बहुतेक वेळा गाणी नावाच्या क्रमानं लावत नाहीत, ज्या क्रमानं कार्डावर लिहिली गेली त्या क्रमानं लावतात. म्हणून नावाआधी 01, 02 असे आकडे घाला आणि रिकाम्या कार्डावर त्याच क्रमानं कॉपी करा. दुसरी अडचण गमतीची वाटते पण भल्याभल्यांना चकवते. 2 जीबीच्या कार्डावर सहसा फॅट-16 नावाची जुनी मांडणी असते. तिच्यात अगदी वरच्या पातळीवर एकूण 512 नोंदींचीच जागा असते, आणि लांब नावाची एक फाइल तीन-चार नोंदी खाते. त्यामुळे सव्वाशेच्या आसपास गाणी टाकल्यावर "जागा नाही" असं येतं, कार्ड अर्धं रिकामं असताना. फोल्डर करून आत गाणी टाकली की ही अडचण राहत नाही.

लहान कार्डांना मागणी असण्याचं आणखी एक कारण आहे. तुमच्या डबीतली कार्डं ज्या जातीची आहेत ते एसडी कार्ड 1999 मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा यांनी मिळून आणलं. पहिल्या पद्धतीची कार्डं 2 जीबीपर्यंतची. 2006 मध्ये 32 जीबीपर्यंतची पद्धत आली, 2009 मध्ये त्याच्यापुढची. नवं यंत्र जुनं कार्ड वाचतं, पण जुनं यंत्र नवं कार्ड वाचत नाही. 2005 चा कॅमेरा असेल तर त्याला 32 जीबीचं कार्ड लावून उपयोग नाही, 2 जीबीचंच लागतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून जुन्या सीएनसी (कॉम्प्युटरच्या हुकमानं धातू कापणाऱ्या) मशीनवर काम करणारी पोरं आमच्याकडे लहान कार्डं शोधत येतात, ती यामुळेच. त्यांना बहुतेक सीएफ (कॉम्पॅक्ट फ्लॅश) कार्ड लागतं, तुमच्या एसडीपेक्षा ते वेगळं, पण अडचण तीच: कंट्रोलर जुना, मोठं कार्ड ओळखत नाही. म्हणून तुमचा जुना डिजिटल कॅमेरा चालू असेल तर ती दोन मोठी कार्डं त्याच्याबरोबरच ठेवा, आणि कॅमेरा घरातल्या एखाद्या आठ-दहा वर्षांच्या पोराच्या हातात द्या. फोन न देता फोटो काढायला शिकवायचा याच्याइतका चांगला मार्ग मला माहीत नाही.

16 आणि 32 जीबीची कार्डं अभ्यासाला लावा. "किविक्स" नावाचा मोफत प्रोग्राम आहे, त्यात मराठी विकिपीडिया उतरवून घेता येतो आणि मग नेट नसतानाही वाचता येतो. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या वाड्यांत पावसाळ्यात नेटवर्क जातं, तिथं एखाद्या शिक्षकाच्या स्लॉटवाल्या फोनमध्ये किंवा शाळेच्या कॉम्प्युटरला असं कार्ड लावून दिलं तर त्याचं खरंच चीज होतं. घरात कॉलेजची मुलं असतील तर रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर याच कार्डावरून चालू होतो. शिकण्यासाठी, मोडून परत बसवण्यासाठी जुनं कार्ड ठीक आहे.

आता जिथं जुनं कार्ड मुळीच वापरू नका ती जागा: कॅमेरा. म्हणजे घरावरचा, दुकानातला, गोठ्यातला. आमच्याकडे हल्ली गोठ्यात सिमवर चालणारे कॅमेरे लावायची पद्धत वाढली आहे. गाय व्यायला आली की रात्री उठून न जाता फोनवर बघता येतं. माणसं कॅमेरा नवा घेतात आणि त्यात घरातलं जुनं 16 जीबीचं कार्ड घालतात. हिशेब बघा. साधारण 2 एमबीपीएसनं, म्हणजे सेकंदाला 2 मेगाबिट किंवा पाव एमबीनं, चाललेला कॅमेरा तासाला 900 एमबी, दिवसाला 21-22 जीबी लिहितो. 16 जीबीचं कार्ड दिवस संपायच्या आत भरतं आणि जुनं पुसून परत लिहायला लागतं. वर्षाला जवळजवळ 500 वेळा पूर्ण लिहून-पुसून. 64 जीबीचं असतं तर तेच काम तीन दिवसांतून एकदा, वर्षाला सव्वाशेच्या आत. कार्ड जेवढं लहान तेवढं लवकर झिजतं, आणि झिजलं तरी कॅमेऱ्यावरचा दिवा हिरवाच राहतो. चोरी झाल्यावर रेकॉर्डिंग बघायला जावं तर दोन महिन्यांपूर्वीच बंद पडलेलं.

कॅमेऱ्यासाठी "हाय एन्ड्युरन्स" लिहिलेलं नवं कार्ड घ्या. दुकानदार वेगाचे आकडे दाखवून महाग कार्ड गळ्यात मारतात, त्याची गरज नाही. कॅमेऱ्याला लागतो सेकंदाला पाव एमबी. इंग्रजी "सी" अक्षराच्या आत 10 लिहिलेलं साधं क्लास-10 कार्डसुद्धा सेकंदाला किमान 10 एमबी लिहितं. इथं प्रश्न वेगाचा नाही, दमाचा आहे. गाडीच्या डॅशकॅमला तर वर उन्हाचा त्रास आणखी. आणि दर महिन्याला एकदा रेकॉर्डिंग खरंच होतंय का ते उघडून बघा.

तुमचं 64 जीबीचं कार्ड तपासणीत चांगलं निघालं तर त्याचा उपयोग मी वेगळा सांगेन, खास कोल्हापूरच्या माणसाला. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 ला पाणी त्याच्या किती वर गेलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मृगाच्या आधी घराचं खरेदीखत, दाखले, विम्याचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या स्कॅन करा. निवडक फोटो घ्या. हे सगळं "व्हेराक्रिप्ट"सारख्या प्रोग्रामनं कुलूपबंद करून कार्डावर घाला आणि बहिणीकडे, मेव्हण्याकडे, जिथं पाणी येत नाही अशा गावाला पाठवा. पुढच्या वर्षी ते परत मागवा, वाचून बघा, पुसून नव्यानं भरा. वर्षातून एकदा तपासलं गेलं, पुन्हा लिहिलं गेलं, आणि मूळ प्रत घरात आहे, म्हणून इथं कार्ड चालतं. तेच पाच वर्षं मेव्हण्याच्या कपाटात विसरून पडलं तर चालणार नाही.

विकण्याबद्दल. कृपा करून विकू नका. त्यातून येणारे पैसे वडापावाच्या भावाचे, आणि नुसतं डिलीट केलेलं किंवा घाईचं फॉरमॅट मारलेलं कार्ड म्हणजे नाव खोडलेलं घर, आत माणसं तशीच. मोफत मिळणारा "फोटोरेक" प्रोग्राम लावला तर जुने फोटो वर येतात. घरातल्या बायका-मुलांचे फोटो अनोळखी माणसाच्या हातात जायला नकोत. ओळखीच्या कुणाला द्यायचंच असेल तर वर सांगितलेली काठोकाठ भरणारी तपासणी करून द्या, तिनं जुनं बहुतेक सगळं झाकलं जातं. बाद झालेलं कार्ड मात्र कात्रीनं तीन-चार तुकडे करून ई-कचऱ्यात द्या. नखाएवढ्या कार्डात चिप जवळजवळ सगळीकडे पसरलेली असते, एक कोपरा कापून भागत नाही.

आत्तापर्यंतचं एकत्र सांगायचं तर: आधी सगळं रिकामं करून दोन डिस्कवर, मग तपासणी, मग कमी जीबीची कार्डं गाण्यांना आणि जुन्या कॅमेऱ्याला, मधली अभ्यासाला, 64 जीबीचं कागदपत्रांच्या फिरत्या प्रतीला, घरावरच्या कॅमेऱ्याला नवं.

ओळखू कशी यायची, हेही विचाराल. नखाएवढ्या कार्डावर स्टिकर चिकटवू नका. ते सगळं 15 बाय 11 मिलिमीटर, जाडी 1 मिलिमीटर. स्टिकर लावलं की स्लॉटमध्ये अडकतं आणि काढताना स्लॉट जातो. छापील बाजूला नेलपॉलिशचा एक बारीक ठिपका द्या, सोनेरी पट्ट्यांपासून लांब. लाल म्हणजे आईचे अभंग, हिरवा म्हणजे शाळेचं. आणि प्रत्येक कार्ड कागदाच्या छोट्या पाकिटात, पाकिटावर तारीख.

आणि सुरुवात कुठून करायची? डबीतल्या सगळ्यात जुन्या, ज्याच्यावरचं नाव पुसून गेलंय त्या कार्डापासून. ते आधी वाचा. उरलेली 13 एक आठवडा थांबली तरी चालेल, या जुन्याचं सांगता येत नाही. रीडरला लावल्यावर ते सापडलंच नाही तर तीन-चारदा काढ-घाल करत बसू नका. एकदा पट्ट्या पुसून, दुसऱ्या रीडरवर लावून बघा, आणि तरीही नाही दिसलं तर त्यावर काहीही न लिहिता, फॉरमॅट न करता, आहे तसं जवळच्या डेटा काढून देणाऱ्याकडे न्या.